येरवड्यात कोण राहतं, कोण पाय काढतं

पुण्यात कुणी ‘येरवड्याला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा मनात दोनच जागा धरतो : मध्यवर्ती कारागृह, नाहीतर मनोरुग्णालय. विमानतळ रस्त्यावरची तिसरी जागा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाचं कार्यालय, ज्याला जुने व्यापारी अजून ‘विक्रीकर भवन’च म्हणतात. माझी येरवड्याची फेरी या तिसऱ्या जागेसाठी होती. निमित्त होतं नातेवाइकांच्या प्रत्येक बैठकीत आणि मोबाइलवरच्या प्रत्येक गटात हल्ली ऐकू येणारी एक तक्रार : महाराष्ट्रात कर फार, गर्दी फार, आता इथून निघालेलं बरं. माणसं खरंच निघतात का, आणि निघतात ती करामुळे का, हे पाहायला येरवड्याइतकी सोयीची वस्ती पुण्यात नाही. कर गोळा करणारे, कराचा कायदा मोडून तुरुंगात गेलेले, दुष्काळानं घर सुटलेले आणि पगारासाठी देशभरातून आलेले, सगळे इथे चालत जाण्याच्या अंतरात भेटतात.

वनाज-रामवाडी मेट्रो मार्ग रुबी हॉलपासून रामवाडीपर्यंत मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, पण येरवड्याचं स्थानक मागे राहिलं; ते २१ ऑगस्ट २०२४ला उघडलं. गाडी मुळा-मुठा ओलांडते तेव्हा जवळच बंडगार्डनचा १८६९ सालचा दगडी फिट्झगेराल्ड पूल दिसतो आणि समोर तारकेश्वराची टेकडी. याच परिसरात लेडी ठाकरसींची ‘पर्णकुटी’ आहे. मे १९३३ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी आपलं एकवीस दिवसांचं उपोषण तिथे पूर्ण केलं. स्थानकावरून खाली उतरलं की रिक्षावाले एकाच दमात तीन ठिकाणं विचारतात : विमानतळ, आयटी पार्क, आरटीओ. तिन्ही ठिकाणं आजच्या प्रश्नाशी जोडलेली आहेत, पण मी आधी डेक्कन कॉलेजची वाट धरली.

मूळची १८२१ सालची ही संस्था १८६०च्या दशकात येरवड्याच्या या झाडीत आली. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून इमारत उभी राहिली. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. आत पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे आणि तिथे माझ्या प्रश्नाचं सर्वांत जुनं उत्तर ठेवलेलं आहे. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवीसनपूर्व १६००च्या सुमारास वसलेलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. बहुतेक घरं एका खोलीची, एक घर मात्र पाच खोल्यांचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ढवळीकरांनी त्यावरून अनुमान काढलं की पाच खोल्यांत गावचा प्रमुख राहत असावा आणि गावकरी धान्याच्या रूपानं देत असलेला कर या कोठारात जमा होत असावा. नदीच्या बाजूला बांध आणि पाट यांच्याही खुणा मिळाल्या. म्हणजे धान्य देणाऱ्याला बदल्यात पाणी मिळत होतं.

हे गाव जवळजवळ नऊशे वर्षं टिकलं. इसवीसनपूर्व १०००नंतर हवामान कोरडं होत गेलं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि गुरं राखणं वाढलं, आणि इसवीसनपूर्व ७००च्या सुमारास वस्ती उठली. तिथल्या दफनांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मोठ्या माणसांना घराच्याच जमिनीखाली पुरत आणि पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडून टाकत. मेलेल्यानं उठून घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी, असं संशोधक मानतात. संग्रहालयात चार पायांचा एक मातीचा रांजण आहे. त्यात बसत्या स्थितीत पुरलेला माणूस मिळाला होता आणि त्याचे पाय मात्र शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क आहे. मेलेल्यांना जागेवर ठेवायची एवढी तजवीज करणाऱ्या गावातून जिवंत माणसं शेवटी गेलीच. कोठारात धान्य भरावं लागत होतं तोवर ती राहिली. पाऊस हटला तेव्हा त्यांनी गाव सोडलं.

याच संस्थेत इरावती कर्वे शिकवत. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली आणि ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातल्या स्थलांतराचा विचार करताना ही पाहणी विसरता येत नाही, कारण ‘जाणं’ हे नेहमी जाणाऱ्याच्या मर्जीनं होत नाही याची ती लेखी साक्ष आहे. राज्याला वीज मिळाली आणि तिची किंमत काही गावांनी आपली जमीन सोडून दिली. अशा कराला पावती नसते.

तिथून विमानतळ रस्त्यावर आलो. वस्तू व सेवा कर भवन बाहेरून कुठल्याही सरकारी कचेरीसारखंच आहे. आवारात कर सल्लागारांची लगबग आणि काखेत फायली घेतलेले व्यापारी. आकडे मात्र साधे नाहीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, उत्तर प्रदेशाखालोखाल देशात दुसरी. जीएसटीच्या वसुलीत राज्य कायम पहिलं. एप्रिल २०२५ मध्ये देशभरात सुमारे २.३७ लाख कोटी रुपये जमा झाले, त्यांतले ४१ हजार कोटींहून अधिक महाराष्ट्रातून आले. उलट केंद्रीय करांच्या वाटपात पंधराव्या वित्त आयोगानं महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला आणि उत्तर प्रदेशाचा १७.९३९ टक्के. राज्याचं दरडोई उत्पन्न किती कमी आहे, याला आयोगानं ४५ टक्के वजन दिलं. कर गोळा करण्यातल्या कर्तबगारीला फक्त २.५ टक्के. आपल्याकडच्या बैठकीत इथवर आलं की आवाज चढतात. पण दुसरी बाजूही लगेच पाहावी. दुसऱ्या राज्यांतून आलेल्यांची संख्या देशात सर्वाधिक आहे ती महाराष्ट्रातच, आणि त्यांत उत्तर प्रदेशातून आलेले फार मोठ्या संख्येनं आहेत. पैसा उत्तरेला जातो आणि माणसं तिकडून इकडे येतात. पैसा जिथे जातो तिथेच राहायचं असा माणसांचा हिशेब असता, तर आरक्षित डब्यांतली गर्दी उलट्या दिशेची दिसली असती.

अमेरिकेत ही चर्चा वेगळ्या पद्धतीनं होते. तिथे राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर असतो. कॅलिफोर्नियात तो वरच्या टप्प्याला १३.३ टक्क्यांपर्यंत जातो, टेक्सास आणि फ्लोरिडात शून्य. २०२०च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाला इतिहासात पहिल्यांदाच प्रतिनिधिगृहातली एक जागा गमवावी लागली. लोक करामुळे जातात की घरांच्या किमतींमुळे, यावर तिथे वाद चालूच आहे. आपल्याकडे तो वाद तसाच्या तसा लावता येत नाही. प्राप्तिकर केंद्राचा; पुण्यात जो दर, तोच पाटण्यात आणि तोच पणजीत. जीएसटीचे दरही देशभर एक. त्यामुळे राज्य बदलून फारसं काही वाचत नाही. उरतात ते मुख्यतः व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, इंधनावरचा मूल्यवर्धित कर आणि महापालिकेची घरपट्टी. पळायचंच असेल तर या पाचांपासून.

यांपैकी व्यवसाय कराची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तो याच विभागाकडे भरला जातो आणि भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो का लागला ते ठाऊक असतं. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० कापले जातात. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं घातलेली कमाल मर्यादाच ही. २०२३पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. हा कर आला १९७५ साली, १९७२च्या दुष्काळाची झळ ताजी असताना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता : मागेल त्याला गावाजवळ काम. दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. दुकानं-कचेऱ्यांच्या घरपट्टीच्या बिलात ‘रोजगार हमी कर’ अशी ओळ आजही असते. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ या प्रयोगात आहे. थोडक्यात, खेड्यातल्या माणसाला गाव सोडावं लागू नये म्हणून शहरातल्या माणसानं भरायचा हा कर. लोकांना पळवून लावणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो लोकांना जागेवर ठेवण्यासाठी जन्मला होता.

तुरुंगाच्या भिंतीजवळून पुढे गेलो. १८७१ सालचं हे कारागृह करांच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. दांडीला मिठाचा कायदा मोडल्यावर गांधीजींना ५ मे १९३०ला अटक झाली आणि त्यांना इथे आणून ठेवण्यात आलं. जानेवारी १९३१ मध्ये ते सुटले. मिठावरच्या कराची रक्कम माणशी किरकोळ होती. लोक चिडले ते रकमेवर नव्हे, तर गरिबाच्या ताटातल्या चिमूटभर वस्तूवर परक्या सरकारनं हात टाकला यावर. सप्टेंबर १९३२चा पुणे करारही याच भिंतींआड घडला. २०२१च्या प्रजासत्ताक दिनी इथे ‘जेल पर्यटन’ सुरू झालं. ज्यांना इथून निघण्याची मुभा नाही त्यांना पाहायला मुभा असणाऱ्यांनी यायचं, असा तो बेत.

तुरुंगापलीकडे काही मिनिटांत ‘कॉमरझोन’ आयटी पार्कच्या काचेच्या इमारती लागतात. दुपारच्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या टपऱ्यांवर हिंदी, तेलुगू, मल्याळम आणि मराठी एकाच चहाच्या वाफेत मिसळतात. एका तरुणाला मी विचारलं, ‘‘काय हो, कर जास्त म्हणून महाराष्ट्र सोडावासा वाटतो का?’’

तो नागपूरचा निघाला. हसून म्हणाला, ‘‘काका, बंगळूर आणि हैदराबादलाही व्यवसाय कर आहेच. नोएडाला नाही. पण वर्षाच्या अडीच हजारांसाठी कोण नोएडाला जातो? मी पाय काढीन तो घरभाड्यानं. नाहीतर नगर रस्त्यावरच्या ट्रॅफिकनं.’’

त्याच्या बोलण्याला आधार आहे. सॉफ्टवेअर पार्कांतल्या निर्यातदार कंपन्यांना मिळणारी प्राप्तिकराची मोठी सवलत ३१ मार्च २०११ला संपली. विशेष आर्थिक क्षेत्रांची सवलत काही काळ राहिली हे खरं, तरी सवलत गेली म्हणून पुण्याचा आयटी उद्योग उठून गेला नाही. त्यानंतरच तो अधिक पसरला, कारण त्याला हवी असलेली शिकलेली मुलं इथे होती.

याचा अर्थ करापासून कुणीच पळत नाही असा नाही. आळंदी रस्त्यावरच्या फुलेनगरच्या आरटीओ कार्यालयात वेगळीच तऱ्हा कळते. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के कर आहे, डिझेलवर त्याहून जास्त. म्हणून महागड्या मोटारी पुदुच्चेरीसारख्या ठिकाणच्या क्रमांकानं पुण्यात फिरताना दिसतात. बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन दुसऱ्या राज्यात ठेवलं तर तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते, हा नियम आहे. पाळणारे किती, ते रस्ता सांगतो. २०२१पासून ‘बीएच’ मालिका आली. तिच्यात बदलीच्या नोकरीवाल्यांना दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो. सिंधुदुर्गातली मंडळी गोव्यात जाऊन टाकी भरून येतात. म्हणजे करापासून पळते ती मोटार, पेट्रोलची टाकी आणि कागद. माणूस आपल्या मुलांच्या शाळेजवळच राहतो.

कधी कधी मात्र अख्खं गावच निघतं, तेही जागचं न हलता. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत अकरा गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस. घरपट्टी वाढली, पाणी टँकरचंच राहिलं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी वाढीव मिळकतकराविरुद्ध एवढा आवाज उठवला की सरकारनं त्यांना महापालिकेतून वगळलं आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुण्याजवळ करामुळे ‘निघून जाण्याचं’ खरं उदाहरण शोधायचं तर ते हेच. तिथेही तक्रार नुसत्या कराची नव्हती. कर भरून नळ कोरडा राहतो याची होती. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. २०२२च्या अखेरीस तो पुन्हा गाजला, तेव्हाही मागणी म्हैसाळ योजनेच्या पाण्याचीच होती. कर कमी करा म्हणून एकही गाव सीमेकडे निघालं नव्हतं.

उन्हं कलताना मी वस्त्यांत शिरलो : नेताजीनगर, शीला साळवेनगर, मदर तेरेसानगर. पुण्यातल्या अशा वस्त्यांना १९७२च्या दुष्काळानं मोठी भर घातली. मराठवाडा, सोलापूर, नगर भागातून माणसं खडी फोडायला, बांधकामावर आली ती इथलीच झाली. २००९पासून या गल्ल्यांत एक वेगळा प्रयोग झाला. केंद्राच्या शहर पुनरुत्थान योजनेतून झोपडी होती तिथेच २७० चौरस फुटांचं पक्कं घर. खर्चाचा एक दशांश वाटा घरमालकाचा, बाकीचा सरकारांचा आणि महापालिकेचा. ‘महिला मिलन’च्या बचत गटांनी घरोघर फिरून नोंदी केल्या, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी बोळांतल्या वेड्यावाकड्या जागांत बसतील अशी घरं आखली. इमारतींत हलवलेल्या वस्त्यांतली माणसं पुष्कळदा सदनिका भाड्यानं देऊन पुन्हा झोपडीत जातात. इथे शेजार तोच राहिला, कामाची जागा चालत जाण्याएवढीच राहिली.

अशाच एका उंबऱ्यावर भाजी निवडत बसलेल्या आजींना विचारलं, ‘‘आजी, गाव कुठलं?’’

‘‘बार्शीकडचं. दुष्काळात आलो. पोरं लहान होती.’’

‘‘परत जावंसं वाटलं नाही?’’

‘‘पाऊस पडला तवा गेलो होतो. जमीन होती कुठं? आता हितं घर हाय, घरपट्टी भरतो. जायाचं कुठं?’’

कर कोण भरतं याचा विचार करताना या आजी सहसा मोजल्या जात नाहीत. प्राप्तिकर भरणारे तेवढे करदाते, बाकीचे फुकटे, असा एक समज बैठकीच्या खोल्यांत रुजला आहे. आजींच्या घरातल्या अंगाच्या साबणावर २२ सप्टेंबर २०२५पर्यंत १८ टक्के जीएसटी होता. आता ५ टक्के आहे. खडी फोडणाऱ्यानं मोटारसायकलीत टाकलेल्या पेट्रोलवर तोच कर असतो जो आलिशान मोटारवाल्याच्या पेट्रोलवर. राज्याच्या तिजोरीत दोघंही भर घालतात.

मग राज्यातून माणसं जातात की राहतात? २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. पुणे जिल्ह्याची सुमारे ३० टक्क्यांनी वाढून ९४ लाखांवर गेली, ठाण्याची त्याहूनही वेगानं वाढली. राज्याचे कर या सगळ्या जिल्ह्यांत साधारण सारखेच होते. कोकण रिकामं झालं ते पोटापाण्याला काम नसल्यानं, मुंबई शहर ते घर परवडेना म्हणून. येरवड्यातली मध्यमवर्गीय मुलंही आज हलतात ती हैदराबादला नव्हे, तर धानोरी, लोहगाव, वाघोलीला. पुण्यात घर घेताना सात टक्के मुद्रांक शुल्क आणि अधिभार द्यावा लागतो, बाईच्या नावावर घेतलं तर सहा. ते जाचक आहेच. पण मूळ किंमतच आवाक्याबाहेर असते, शुल्क तिच्यावरचं ओझं वाढवतं एवढंच.

ही फेरी करायची असेल तर सकाळी लवकर निघा आणि सुट्टीचा दिवस टाळा, म्हणजे डेक्कन कॉलेजचं संग्रहालय उघडं मिळेल. बाकी सगळं मेट्रो स्थानकापासून पायी किंवा थोड्या रिक्षाभाड्यात होतं. माझा निष्कर्ष सरळ आहे. महाराष्ट्रात माणसाला हाकलणाऱ्या गोष्टी तीन : कोरडा नळ, नसलेलं काम आणि न परवडणारं घर. त्या आटोक्यात आणण्यासाठीच कर घेतला जातो, त्यामुळे कर किती यापेक्षा त्यातून काय झालं हा प्रश्न मोठा आहे. आणि कर जाचक वाटला तर जागेवर राहून भांडता येतं, हे पुणेकरानं करून दाखवलंही आहे. स्वतः राहत असलेल्या घराला १९७०पासून असलेली मिळकतकरातली ४० टक्के सवलत काढली गेली, तेव्हा शहर सोडून कुणी गेलं नाही. लोकांनी पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये ती सवलत परत मिळवली. पुढच्या महिन्यात पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराचे २०० रुपये दिसले की निघून जाण्याची भाषा करण्याआधी आपल्या आमदाराला एवढंच विचारा : हे पैसे ज्या कामासाठी घेतले, ते काम यंदा कुठल्या गावात निघालं?